लिडियावर झाडलेली गोळी आणि जज थॉमस रफिन

१८२९ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडेंटन या बंदराच्या गावात जॉन मॅन नावाच्या माणसाने लिडिया नावाच्या गुलाम बाईवर गोळी झाडली. लिडिया त्याच्या मालकीची नव्हती, ती एलिझाबेथ जोन्स हिची, मॅनने तिला वर्षाच्या बोलीने भाड्याने घेतलेलं. तिच्याकडून काहीतरी बारीकसं चुकलं. काय चुकलं ते कोर्टाच्या रेकॉर्डमधे नाही, नुसतं किरकोळ आगळीक एवढंच लिहिलंय. तो तिला मारायला लागला, मार खाता खाता ती निसटून पळाली, त्याने थांब म्हणून ओरडून सांगितलं, ती थांबेना, तशी त्याने गोळी घातली आणि ती जखमी झाली. घटना एवढीच. पण तिच्यावरून जो निकाल लागला तो अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या कायद्यातला सगळ्यात उघडावाघडा निकाल मानला जातो, आणि तो लिहिणारा जज थॉमस रफिन हा पुढे शंभरावर वर्षं त्या राज्याचा सगळ्यात मोठा न्यायाधीश म्हणून गौरवला गेला. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा बसल्या हे समजून घ्यायचं असेल तर ही एक केस पूर्ण उलगडून बघावी लागते, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

मुळात अशी केस कोर्टात उभी राहिली हेच नवल होतं. गुलाम माणसाला कुणा गोऱ्याविरुद्ध साक्षच देता येत नव्हती, म्हणजे जिला गोळी लागली ती लिडिया कोर्टात तोंड उघडू शकत नव्हती, काय झालं ते गोऱ्या माणसांनीच सांगायचं. तरीही ईडेंटन ज्यात येतं त्या चोवान काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मॅनवर मारहाणीचा आरोप ठेवला गेला. ईडेंटनची ती १७६७ ची विटांची कोर्टाची इमारत आजही उभी आहे. तिथे खटला चालला तेव्हा समोर जज जोसेफ डॅनियल होते आणि त्यांनी ज्युरीला समजावून सांगितलं ते असं, की मॅनने दिलेली शिक्षा जर क्रूर असेल, गैरवाजवी असेल, चुकीच्या मानाने फार जास्त असेल तर तो दोषी ठरतो, कारण तो काही मालक नाही, भाडेकरू आहे, त्याचा हक्क मर्यादित आहे. ज्युरीत कोण, तर सगळे गोरे पुरुष, गुलामगिरीच्या राज्यात जन्मलेले आणि वाढलेले. त्यांनी मॅनला दोषी ठरवलं. हे मला या सगळ्या प्रकरणात फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे रफिन जे म्हणणार होते की समाजालाच हे असं हवंय, समाजाची रीतच अशी आहे, तर त्याच समाजातली ही बारा माणसं वेगळं बोलून गेली होती.

भाड्याने घेणं ही काय भानगड तेही सांगायला हवं, कारण आपल्याला गुलामगिरी म्हटलं की मोठा मळा आणि एक मालक एवढंच डोळ्यासमोर येतं. प्रत्यक्षात दक्षिणेत गुलाम भाड्याने द्यायचा मोठा धंदा होता. विधवा, अनाथ मुलं, कर्जात बुडालेली इस्टेट अशा लोकांकडे असलेले गुलाम वर्षावर भाड्याने दिले जायचे, साधारण एक जानेवारीला बोली व्हायची, आणि गुलाम माणसाला पुढचं वर्ष कुणाच्या दारात काढायचं ते त्या दिवशी कळायचं. हॅरिएट जेकब्स याच ईडेंटनची, १८१३ चा जन्म, म्हणजे लिडियाला गोळी लागली तेव्हा ती त्याच गावात पंधरा-सोळा वर्षांची गुलाम मुलगी होती. पुढे ती मालकाच्या छळाला कंटाळून आजीच्या घराच्या माळ्यावरच्या एका फटीएवढ्या जागेत जवळजवळ सात वर्षं लपून राहिली आणि मग उत्तरेला पळाली. तिने नंतर लिहिलेल्या आत्मकथनात या भाड्याच्या दिवसाचं वर्णन आहे, आयांची आदल्या रात्रीची घालमेल आहे. लिडियाचं स्वतःचं एक वाक्यही कुठे नाहीये, पण तिच्याच गावातल्या बाईचं हे लिखाण शेजारी ठेवून निकाल वाचला की फरक पडतो.

आता रफिन. जन्म १७ नोव्हेंबर १७८७, व्हर्जिनियातला. शिक्षण प्रिन्स्टनला, १८०५ साली पदवी. व्हर्जिनियातल्याच पीटर्सबर्गला वकिली शिकताना बरोबर विनफिल्ड स्कॉट होता, तोच जो पुढे अमेरिकन सैन्याचा सरसेनापती झाला. १८०७ ला कुटुंब नॉर्थ कॅरोलिनात आलं, तिथे आर्चिबाल्ड मर्फी या नामांकित वकिलाच्या हाताखाली उरलेला अभ्यास झाला, हिल्सबरो गावात घर केलं, १८०९ साली तिथल्याच व्यापाऱ्याच्या मुलीशी, ॲन कर्कलंडशी लग्न, आणि या जोडप्याला चौदा मुलं. राज्याच्या विधिमंडळात गेले, १८१६ साली सुपीरियर कोर्टाचे जज झाले आणि दोन वर्षांत ते पद सोडलं. कारण पैसा. मर्फी मोठ्या स्वप्नांचा माणूस, राज्यात शाळा काढाव्यात कालवे खणावेत म्हणून धडपडणारा, पण जमिनीच्या व्यवहारात पार बुडाला आणि रफिन त्याला जामीन राहिलेले, त्यामुळे कर्ज यांच्या डोक्यावर आलं. मग परत वकिली, घोड्यावरून या काउंटीतून त्या काउंटीत, रात्रंदिवस काम करून कर्ज फेडलं. मर्फीची हॉ नदीकाठची हर्मिटेज नावाची इस्टेट शेवटी रफिन यांच्याच हातात आली आणि मर्फीला म्हातारपणी कर्जापायी तुरुंगाचं तोंड बघावं लागलं. १८२५ ते १८२८ रफिन परत जज, मग डबघाईला आलेल्या स्टेट बँकेचे अध्यक्ष, ती सावरली, आणि १८२९ च्या शेवटी राज्याच्या सुप्रीम कोर्टावर निवड. वय बेचाळीस. कष्टाळू, बुद्धिमान, शिस्तीचा, आर्थिक फटका खाऊन उभा राहिलेला माणूस. असं चरित्र वाचलं की आदर वाटतोच, आणि वाटावाही.

पण त्याच काळातली एक गोष्ट जुन्या चरित्रांमधे सहसा येत नसे. १८२० च्या दशकात रफिन यांची बेंजामिन चेंबर्स नावाच्या माणसाशी भागीदारी होती, आणि धंदा होता गुलामांची खरेदी-विक्री. पैसा रफिन यांचा, फिरणं चेंबर्सचं. घरात किंवा मळ्यावर गुलाम असणं वेगळं, ते त्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांकडे असायचे, पण माणसं नफ्यासाठी घेऊन विकणं याला त्या समाजातसुद्धा प्रतिष्ठा नव्हती, गुलाम बाळगणारे लोकही व्यापाऱ्याकडे नाक मुरडायचे. आणि हे चाललं होतं तेव्हा मधली काही वर्षं रफिन जजच्या खुर्चीत होते. पुढे त्यांच्या स्वतःच्या मळ्यांवर गुलामांची संख्या शंभरच्या वर गेली. मॅन खटल्याचा निकाल वाचताना हे डोक्यात ठेवायचं, कारण निकालात ते स्वतःला जसं उभं करतात त्यात या माणसाचा मागमूसही नाही.

तर मॅनने अपील केलं आणि केस रॅली या राज्याच्या राजधानीत सुप्रीम कोर्टापुढे आली, डिसेंबर १८२९ चं सत्र. छापील रिपोर्टमधे सुरुवातीलाच एक ओळ आहे जी माझ्या मते कुणीच सोडून पुढे जाऊ नये, ती म्हणजे आरोपीच्या वतीने कुणीही वकील हजर नव्हता. म्हणजे मॅनच्या बाजूने युक्तिवादच झाला नाही. सरकारच्या बाजूने ॲटर्नी जनरल रोम्युलस साँडर्स होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. सहा वर्षांपूर्वी, १८२३ साली, याच कोर्टाने एका केसमधे ठरवलं होतं की परक्या माणसाने दुसऱ्याच्या गुलामाला मारलं तर तो फौजदारी गुन्हा होतो, मग इथे वेगळं काय. शिवाय इथे वापरलेलं हत्यार जीव घेऊ शकेल असं. आणि मालक-गुलाम नातं हे आई-बाप आणि मूल, उस्ताद आणि शागीर्द, मास्तर आणि विद्यार्थी यांच्यासारखं धरा, शिक्षेचा हक्क आहे पण त्याला मर्यादा आहे.

रफिन यांच्यापुढे तेव्हा तीन वाटा होत्या असं मला दिसतं. एक म्हणजे ज्युरीचा निकाल कायम करायचा आणि कारण छोटं द्यायचं, की मॅन मालक नाही, भाडेकरू आहे, मालकाच्या हक्काचं काय ते आज विचारलेलंच नाही. दुसरी, निकाल कायम करायचा आणि साँडर्स म्हणतात तसं मालकालाही मर्यादा आहेत असं म्हणायचं. तिसरी, निकाल फिरवायचा. रफिन यांनी तिसरी घेतली, आणि ती घेतानाही सगळ्यात लांब गेले. आधी त्यांनी भाडेकरू आणि मालक यातला फरकच पुसला: मालक सोडून बाकी सगळ्या जगाच्या दृष्टीने, भाड्याच्या मुदतीपुरता, गुलाम ज्याच्या ताब्यात तोच मालक. मालकिणीची प्रॉपर्टी खराब झाली असेल तर तिने नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावावा, तो रस्ता मोकळा आहे. मग त्यांनी खरा प्रश्न घेतला, की मालकाने स्वतःच्या गुलामाला केलेली मारहाण हा गुन्हा होऊ शकतो का. आणि उत्तर दिलं, नाही. मारहाण कितीही क्रूर असो.

निकालाची पहिलीच ओळ अशी आहे की अशा केसेस समोर येतात तेव्हा जजला दुःख झाल्याशिवाय राहत नाही. पुढे म्हणतात, माणसाच्या भावना आणि न्यायाधीशाचं कर्तव्य यांची जजच्या स्वतःच्या छातीत चालणारी झुंज फार कठीण असते. मग साँडर्सची तुलना ते मोडून काढतात, आणि हा भाग खरंच थंड डोक्याने वाचण्यासारखा आहे. मुलाला आणि विद्यार्थ्याला शिस्त लावायची ती त्याच्या भल्यासाठी, त्याने पुढे स्वतंत्र माणूस म्हणून जगावं म्हणून. गुलामगिरीत हेतू वेगळा, मालकाचा नफा, मालकाची सुरक्षितता आणि सार्वजनिक शांतता. गुलाम हा असा माणूस की ज्याच्या स्वतःच्या नशिबी आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांच्या नशिबी ज्ञानाशिवाय जगणं आहे, काहीही स्वतःचं म्हणता न येणं आहे, आणि दुसऱ्याने फळं खावीत म्हणून राबणं आहे. अशा माणसाला तू हे कर कारण ते योग्य आहे किंवा तुझ्या हिताचं आहे असं कुणीही पटवू शकत नाही, कितीही मठ्ठ असला तरी त्याला ते खोटं असल्याचं कळेल. म्हणून मग एकच उरतं, त्याच्या अंगावर चालणारी अनिर्बंध सत्ता. आणि मग ते वाक्य येतं जे आजही लॉ स्कूलमधे शिकवतात: गुलामाची शरणागती पूर्ण व्हावी यासाठी मालकाची सत्ता निरंकुश असली पाहिजे.

इथे ते थांबत नाहीत. म्हणतात, या विधानाचा कठोरपणा मला इतर कुणाइतकाच जाणवतो, नीतीच्या दृष्टीने बघितलं तर एकांतात बसलेल्या प्रत्येक माणसाला हे झिडकारावंसंच वाटेल, पण आजच्या वस्तुस्थितीत हे असंच असावं लागेल, त्याला इलाज नाही. मालकाचा हक्क कोर्टात चर्चेला येऊच द्यायचा नाही, गुलामाने गुलाम राहायचं असेल तर मालकाच्या वर दाद मागायला कुणीही नाही हे त्याला कळलं पाहिजे. मग गुलामाचं रक्षण कोण करणार? काही कायदे आहेतच म्हणे, शिवाय मालकाचा स्वतःचा आर्थिक स्वार्थ आहे, एकत्र वाढलेल्या माणसांमधली माया आहे, आणि क्रूर मालकाची समाजात होणारी छी-थू आहे. यातली आर्थिक स्वार्थाची गोष्ट बघा ना. आर्थिक स्वार्थ मालकाला असतो, मॅन तर वर्षाचा भाडेकरू, लिडिया पुढच्या वर्षी कामाची राहिली काय आणि नाही काय, त्याला काय फरक पडणार होता? म्हणजे रक्षणाची जी मुख्य हमी निकाल देतो ती समोरच्या केसलाच लागू होत नाही, आणि इतक्या कुशाग्र माणसाच्या हे लक्षात आलं नसेल असं मला तरी मानता येत नाही.

आता माझं या केसबद्दलचं म्हणणं सांगतो. रफिन यांचा निकाल वाचून बहुतेकांची समजूत अशी होते की बिचाऱ्याचे हात कायद्याने बांधलेले होते, मनात कळवळा होता पण खुर्चीपुढे इलाज नव्हता. मला वाटतं हात बांधलेले नव्हते, त्यांनी ते स्वतः बांधले आणि मग दाखवले. मालकावर असा खटला भरता येत नाही असं सांगणारा कुठलाही कायदा विधिमंडळाने केलेला नव्हता. आधीचा एकही निकाल त्यांना त्या दिशेने रेटत नव्हता, उलट १८२३ चा निकाल दुसऱ्या दिशेला होता. खालच्या कोर्टाचा जज, ज्युरी, ॲटर्नी जनरल, सगळे एका बाजूला. आरोपीचा वकील तर नव्हताच. रफिन यांच्याकडे आधार होता तो एकच, की आजवर असे खटले झालेले नाहीत, आणि देशाची रूढ रीत हाच मालकाच्या हक्काचा सगळ्यात चांगला पुरावा. म्हणजे जे आजवर कुणी विचारलं नाही ते विचारताच येणार नाही. आणि जो प्रश्न या केसने विचारलाच नव्हता तो आपणहून ओढून आणून त्याचं उत्तर दिलं. ज्याला खरंच वेदना होत असतात तो जज सापडेल त्या अरुंद वाटेने बाहेर पडायला बघतो. इथे वाट उघडी होती, सरळ होती, खालच्या कोर्टाने दाखवून दिलेली होती.

काळही लक्षात घ्या. १८२९ सालीच डेव्हिड वॉकर या नॉर्थ कॅरोलिनाच्याच विल्मिंग्टनमधे जन्मलेल्या स्वतंत्र काळ्या माणसाने बॉस्टनहून गुलामगिरीविरुद्ध एक जळजळीत पत्रक छापलं आणि ते खलाशांच्या हातून दक्षिणेत पोचायला लागलं. गोऱ्या लोकांमधे घबराट होती. १८३० च्या जनगणनेत नॉर्थ कॅरोलिनाची लोकसंख्या साधारण ७ लाख ३८ हजार, त्यातले साधारण २ लाख ४५ हजार गुलाम, म्हणजे दर तीन माणसांत एक. त्याच वर्षी राज्याने गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं गुन्हा ठरवला. रफिन यांच्या निकालात ज्ञानाशिवाय जगणं हे जे आलंय ते नुसतं वर्णन नव्हतं, ते धोरण होतं. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं, आणि ज्ञानापासून तोडणं हाच गुलामीचा पाया हे त्यांनी आयुष्यभर मांडलं. रॅलीच्या खुर्चीत बसलेल्या जजने तीच गोष्ट त्यांच्या कितीतरी आधी उलट्या बाजूने मान्य करून ठेवली होती.

वाट खरंच उघडी होती याचा पुरावा फार लांब शोधायला नको. पाचच वर्षांनी, १८३४ साली, त्याच कोर्टात विल नावाच्या गुलामाची केस आली. एजकोम काउंटीतल्या जेम्स बॅटल यांच्या मळ्यावरची गोष्ट. विलने स्वतःच्या वेळात आपल्या कुदळीला दांडा बसवला होता, मुकादमाच्या माणसाने ती कुदळ दुसऱ्याला दिली, विल चिडला, दांडा मोडून टाकला आणि कामाला निघून गेला. मुकादम बॅक्स्टर बंदूक घेऊन घोड्यावरून आला, विल पळायला लागला तेव्हा त्याने मागून पाठीत छर्‍याची गोळी घातली. जखमी विलला पाठलाग करून गाठलं, झटापट झाली, विलने सुरी चालवली, बॅक्स्टरच्या दंडाला वार लागला आणि रक्त जाऊन तो मेला. खालच्या कोर्टात विलला फाशी. पण मालक बॅटल यांनी बी. एफ. मूर हा तरुण वकील दिला, फी एक हजार डॉलर, आणि मूर यांनी मॅन निकालावर थेट हल्ला चढवला. निकाल लिहिला विल्यम गॅस्टन यांनी, कॅथलिक माणूस, ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी चॅपेल हिलच्या विद्यापीठात तरुणांसमोर गुलामगिरी हा राज्याला लागलेला रोग आहे, तो काढायला हवा असं उघड सांगितलं होतं. गॅस्टन म्हणाले की गुलाम झाला तरी तो माणूस आहे, जीव वाचवायची ओढ त्यालाही आहे, विनाकारण जिवावर उठलेल्या माणसाला तोंड देताना हातून घडलं तर तो खून नाही, सदोष मनुष्यवध. फाशी रद्द. तेव्हा मुख्य न्यायाधीश कोण, तर रफिन. त्यांनी वेगळं मत लिहिलं नाही. दुसरे जज डॅनियल, तेच ईडेंटनचे, ज्यांची ज्युरीला दिलेली समज रफिन यांनी खोडली होती.

लिडिया आणि विल या दोन केसेस शेजारी ठेवा. दोघंही पळत होते, दोघांवरही पळताना गोळी झाडली गेली. राज्य तेच, कायदा तोच, कोर्टही जवळजवळ तेच. विलच्या मागे मोठा मालक आणि हजार डॉलरचा वकील होता, लिडियाच्या मागे सरकारी वकील तरी होता. निकाल कुणी लिहायला घेतला, यावर सगळं फिरलं.

रफिन एकसुरी होते असंही नाही, आणि हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. १८३९ साली जॉन हूवर नावाच्या मालकाची केस त्यांच्यासमोर आली. त्याने मायरा या आपल्याच गरोदर गुलाम बाईचा महिनोन्महिने छळ करून जीव घेतला होता. रफिन यांनी त्याची खुनाची शिक्षा कायम केली आणि निकालात त्या क्रूरपणाचं वर्णन करताना त्यांचा संताप लपत नाही. मालकाचा हक्क शिक्षेचा, जीव घेण्याचा नाही, असं त्यांनी म्हटलं. पण मग दोन्ही निकाल मिळून काय झालं ते पहा: गुलाम जिवंत आहे तोवर कोर्ट बघणार नाही, मेल्यावर बघेल. मायराला कायदा भेटला तो ती गेल्यावर. आणि १८४९ साली सीझर नावाच्या गुलामाची केस आली. रात्री दोन दारुडे गोरे येऊन त्याला आणि त्याच्या मित्राला मारायला लागले, मित्राला मारताना बघून सीझरने कुंपणाचा दांडका घातला आणि त्यातला एक मेला. इतर दोघा जजनी याला खून मानलं नाही, रफिन यांनी विरोधी मत लिहिलं. गोऱ्याचा मार गुलामाने निमूट सोसायला हवा, तो सोसतो हीच रीत आहे, असा त्यांचा सूर. वीस वर्षांनंतरही तिथेच.

छातीतली झुंज खरी होती का, यावर अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासकांनी बरंच लिहिलंय. मॅन निकालाचे आधीचे हस्तलिखित मसुदे शिल्लक आहेत, म्हणजे रफिन यांनी हा मजकूर परत परत घासून लिहिला एवढं नक्की. गुलामगिरीच्या कट्टर विरोधक हॅरिएट बीचर स्टो यांनी १८५३ साली 'अंकल टॉम्स केबिन' या आपल्या कादंबरीला आधार म्हणून जी कागदपत्रं छापली त्यात हा निकाल घेतला, आणि त्यांनाही असं वाटलं की लिहिणाऱ्या माणसाबद्दल आदर आणि त्या व्यवस्थेबद्दल थरकाप, दोन्ही एकदम होतं. स्टो यांना चेंबर्सबरोबरच्या धंद्याची काही कल्पना नव्हती. मला वाटतं ते माहीत झाल्यावर तो आदर तसाच ठेवता येत नाही. ज्याने माणसं विकून नफा कमावलाय त्याने नफा हाच या नात्याचा हेतू आहे असं लिहावं, हे तो बाहेरून बघून लिहीत नव्हता, स्वतःच्या वहीखात्यातून लिहीत होता.

बाकीची कारकीर्द झगझगीत आहे. १८३३ ते १८५२ मुख्य न्यायाधीश. १८३७ साली रॅली-गॅस्टन रेल्वेच्या केसमधे त्यांनी ठरवलं की खाजगी कंपनीची असली तरी रेल्वे हे सार्वजनिक काम आहे, त्यासाठी मोबदला देऊन जमीन घेता येते, आणि राज्यात रेल्वेचा रस्ता मोकळा झाला. हा निकाल इतर राज्यांतही वजनदार मानला गेला. १८५२ ला राजीनामा देऊन शेतीत रमले, राज्याच्या शेतकी सोसायटीचे अध्यक्ष झाले, १८५८ ला वर्षभरासाठी परत कोर्टावर. फेब्रुवारी १८६१ मधे उत्तर-दक्षिण यादवी युद्ध टाळायला वॉशिंग्टनला जी शांतता परिषद भरली तिथे त्र्याहत्तर वर्षांचे रफिन गेले आणि कळवळून बोलले, की मी राज्यघटना लागू व्हायच्या आधी जन्मलो, देवाने मला तिचा अंत बघायला ठेवू नये. परिषद फसली. तीन महिन्यांनी, २० मे १८६१ ला, नॉर्थ कॅरोलिनाच्या अधिवेशनाने अमेरिकेच्या संघातून फुटून निघायचा ठराव एकमताने केला तेव्हा ते सभासद म्हणून त्यात सामील होते. युद्धात इस्टेटीची वाताहत झाली, गुलाम मुक्त झाले, ते हिल्सबरोला परत आले. १८६९ साली मुलगा जॉन कू क्लक्स क्लॅन या काळ्या लोकांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त टोळीच्या नादी लागल्याचं कळल्यावर त्यांनी त्याला कडक पत्र लिहिलं, की हे चूक आहे, सगळंच चूक आहे, कायदा सोडून रात्री माणसांना मारत फिरणं कुठल्याही कारणाने माफ होत नाही. १५ जानेवारी १८७० ला गेले.

त्या पत्राचा मी पुष्कळ विचार केलाय. कायद्याबाहेरचा मार त्यांना मनापासून नको होता, याबद्दल मला शंका नाही. कायद्याच्या आतला मार मात्र त्यांनीच १८२९ ला कोर्टाच्या नजरेपलीकडे नेऊन ठेवला होता, आणि आपण काय करतोय हे त्यांच्याइतकं स्पष्ट त्या काळात कुणीच लिहून ठेवलं नाही.

मेल्यानंतर कीर्ती वाढतच गेली. १९१५ साली रॅलीत त्यांचा पुतळा उभारला. १९३० च्या दशकात हार्वर्डचे रॉस्को पाउंड यांनी अमेरिकेच्या इतिहासातले दहा थोर जज निवडले त्यात रफिन यांचं नाव घेतलं. राज्याच्या सुप्रीम कोर्टात मुख्य न्यायाधीशाच्या खुर्चीमागे भिंतीवर त्यांचं जवळजवळ पुरुषभर उंचीचं तैलचित्र होतं, म्हणजे तिथे दाद मागायला उभा राहिलेला प्रत्येक माणूस, काळा असो की गोरा, आधी त्यांच्याकडे बघायचा. चॅपेल हिलच्या विद्यापीठातले सॅली ग्रीन आणि एरिक मुलर यांच्यासारखे अभ्यासक खटल्याची मूळ कागदपत्रं आणि रफिन यांचे खाजगी कागद घेऊन बसले, गुलामांच्या धंद्याचा तपशील लोकांसमोर आला, आणि २०१८ साली कोर्टाने आपल्याच इमारतीतल्या तैलचित्रांचा विचार करायला समिती नेमली. जुलै २०२० मधे पुतळा हलवला गेला, डिसेंबर २०२० मधे कोर्टाने खुर्चीमागचं चित्र उतरवलं. तेव्हा मुख्य न्यायाधीश होत्या शेरी बीस्ली, त्या पदावर बसलेल्या पहिल्या काळ्या महिला. विद्यापीठातल्या होस्टेलला रफिन बाप-लेकांचं मिळून नाव होतं, मुलगा थॉमस रफिन धाकटा हाही पुढे त्याच कोर्टाचा जज झालेला, तिथे २०२० साली वडलांचं नाव काढलं आणि पाटीवर आता फक्त मुलाचं आहे.